भालेजच्या पुढचा लाल दिवा

आमच्याकडे पंढरपूरला जाणारे थोडे, डाकोरला जाणारे पुष्कळ. चार पिढ्या बडोद्यात काढल्यावर मराठी माणसाचा विठोबा थोडाफार रणछोडराय, म्हणजे डाकोरचा कृष्ण, होतोच. माझी आजी त्याचा हिशेब सोपा करून सांगायची. दोघेही द्वारकेहूनच निघालेले, एक रुसलेल्या रुक्मिणीच्या मागे, दुसरा म्हाताऱ्या बोडाण्यासाठी. बोडाणा हातात तुळस घेऊन डाकोरहून द्वारकेला पायी जायचा. वय झालं, पाय चालेनात, तेव्हा देवच त्याच्या बैलगाडीत बसून डाकोरला आला, अशी कथा. वर डाकोरच्या देवळाची आजची इमारत १७७२ साली बांधली ती गोपाळ जगन्नाथ तांबवेकर या मराठी सावकाराने. त्यामुळे बाकीचे पदयात्रा म्हणोत, आमच्या घरात त्याला वारीच म्हणतात.

ही माझी चौदावी होती. दांडिया बाजारातलं आमचं मंडळ बावीस जणांचं, निम्मे मराठी, निम्मे गुजराती, सामानाला एक टेम्पो. फाल्गुन शुद्ध द्वादशीला संध्याकाळी निघायचं आणि पुनवेच्या पहाटे डाकोरच्या गोमती तळ्यावर पोचायचं. वासद, आणंद, भालेज, उमरेठ, मग डाकोर. सगळं मिळून ७० किलोमीटरच्या आसपास, पण मार्चमध्ये दुपारी डांबर पायाला चिकटतं म्हणून आम्ही रात्री चालतो. धजा माझ्याकडे असते. ध्वज म्हणायला हवं, पण बडोद्यात धजाच. पुढे धजा घेऊन मी, मागे बाकीचे.

पहिली रात्र नेहमीसारखी. छाणी सोडलं की डावीकडे लांबवर रिफायनरीची ज्योत दिसते, नंदेसरीपाशी केमिकलचा वास नाकात बसतो, आणि महीच्या पुलावर वारा लागला की वाटतं, आता खरं निघालो. वासदला पोचेपर्यंत नवख्यांच्या पायांना फोड येतात. त्यात सुई-दोरा ओवून दोरा तसाच ठेवायचा, पाणी निथळून जातं. दरवर्षी कोणीतरी नवा हे बघून किंचाळतो आणि दरवर्षी तोच दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना शिकवत बसतो. त्रयोदशीला आणंदच्या एका शाळेत मुक्काम.

वाटेवरच्या विसाम्यांबद्दल लिहायला हवं, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. दर दोन-तीन किलोमीटरला मांडव. छास म्हणजे ताक, लिंबू सरबत, कढईतून निघणारे गरम गोटे, म्हणजे डाकोरकडची भजी, लाउडस्पीकरवर भजन, आणि सतरंजीवर पाय पसरून बसलात की कोणीतरी अनोळखी माणूस येऊन तुमच्या पोटऱ्यांना तेल चोळतो. नाव विचारत नाही, जात विचारत नाही. एका वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी माझ्या टाचेचा फोड साफ केला होता. त्यांची गाडी बाजूला उभी होती, साडी चांगली सिल्कची होती, आणि माझा पाय त्यांच्या मांडीवर होता.

चतुर्दशीच्या रात्री साडेआठला आणंद सोडलं. बाराच्या सुमाराला भालेज मागे पडलं. त्यापुढे एक पट्टा येतो, तिथे विसामे नसतात. दोन्ही बाजूंना शेतं, तंबाखूचा उग्र वास, मध्येच बाभळी. चांदणं इतकं लख्ख होतं की टॉर्च कोणी काढलाच नव्हता. हे मुद्दाम सांगतो. अंधार होता असं म्हणायची सोय मला नाही.

डाव्या बाजूला, रस्त्याच्या कडेखाली सात-आठ पावलांवर, एक लाल दिवा दिसला. मोटरसायकल आडवी पडली होती, मागचा दिवा चालूच. तिच्या पलीकडे बाभळीला टेकून एक माणूस. पाय लांब सोडलेले, एका पायात चप्पल नाही. त्याचा हात हलला. हलल्यासारखा वाटला, असं मी पुढे काही महिने स्वतःशी म्हणत होतो. हलला.

मी थांबलो नाही.

त्या दहा-पंधरा पावलांत डोक्यात काय काय आलं ते मला अजून क्रमाने आठवतं. पहिलं आलं, प्यायलेला असेल. आमच्या राज्यात दारूबंदी आहे, तरी रस्त्याकडेला पडलेला माणूस दिसला की आम्ही पहिल्यांदा दारूच आठवतो. मग आलं, मोबाइलवर बोलत बसला असेल. मग पोलीस, पंचनामा, मोटरसायकलला आम्हीच धक्का दिला असं कोणी म्हटलं तर. मग मंगला आरती. पुनवेला गर्दी असते, उमरेठला तीनच्या आत पोचलो नाही तर आरती चुकते, आणि माझ्यामागे एकवीस माणसं आहेत. शेवटी आलं, मागून टेम्पो येतोय, तो बघेल. हे शेवटचं आल्यावर मला एकदम बरं वाटलं, आणि मी जरा मोठ्याने ओरडलो, ‘जय रणछोड!’ मागून आलं, ‘माखणचोर!’

फोन खिशात होता. १०८ ची गाडी गुजरातमध्ये २००७ पासून आहे आणि तीन आकडे लक्षात ठेवायला काही लागत नाही.

उमरेठच्या अलीकडच्या विसाम्यावर एका विशीतल्या पोराने माझे पाय चोळले. गुडघ्याखाली अंगठा दाबून त्याने गाठ सोडवली, मी हुश्श केलं. लाज वाटली का? नाही. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. आरती मिळाली, दर्शन झालं, गर्दीत तीन सेकंद का होईना. गोमतीच्या काठावर गोटे खाल्ले, दही घेतलं, बसमध्ये बडोद्यापर्यंत गाढ झोपलो. असल्या गोष्टींत माणसाची झोप उडते असं ऐकलं होतं. माझी उडाली नाही.

चौथ्या दिवशी बायकोने विचारलं, ‘अहो, यंदा कशी झाली वारी? काही सांगितलंच नाहीत.’ मी महीचा वारा सांगितला, सुई-दोरा सांगितला, डाकोरची गर्दी सांगितली. भालेज ते उमरेठ या दोन शब्दांमध्ये थोडं अडखळलो आणि पुढे गेलो. तेव्हा कळलं की या गोष्टीला आता एक भोक पडलंय आणि दरवेळी सांगताना ते ओलांडून जावं लागणार.

मग आठवडाभर मी गुजराती पेपरातलं आणंदचं पान वाचत होतो. ‘अजाण्या युवान’, म्हणजे अनोळखी तरुण, अशी बातमी शोधत. मिळाली नाही. त्याने सुटका होईल असं वाटलं होतं, पण पेपरात न येणारी माणसं किती असतात हे मलाही माहीत आहे. तो उठून गेला असेल. त्याला कोणी नेलं असेल. तिसरं काही असेल. मला यातलं काहीही कधी कळणार नाही.

लहानपणी एकनाथांच्या गाढवाची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. काशीहून गंगेची कावड रामेश्वराला निघालेली, वाटेत तहानेने तडफडणारं गाढव, आणि नाथांनी ते पाणी त्याच्या तोंडात ओतलं. मी स्वतः ही गोष्ट मंडळाच्या पोरांना दरवर्षी सांगतो. त्या वर्षीही सांगितली होती, आणंदच्या शाळेत, आदल्याच रात्री. त्यात नाथांबरोबर दुसरे यात्रेकरूही असतात. त्यांच्याही खांद्यावर कावडी असतात, गाढव त्यांनाही दिसलेलं असतं. त्यांना नाव नाही, त्यांचं पुढे काय झालं ते कोणी सांगत नाही. ते वेळेवर रामेश्वराला पोचले असणार.

कोजागिरीला आम्ही मंडळाच्या एका भाऊंच्या गच्चीवर जमलो. दूध आटत होतं, वर तसंच चांदणं. आमच्यातल्या एक ताई, शाळेत शिकवायच्या, अगदी सहज म्हणाल्या, ‘भालेजच्या पुढे एक लाल लाइट दिसला होता ना, तुम्ही कोणी पाहिलात?’

कोणी काही बोललं नाही. मग मोटाभाई म्हणाले, मला वाटलं लघवीला बसलाय. दुसरे म्हणाले, मला वाटलं त्याच्याबरोबर कोणीतरी आहे. टेम्पोवाला पोरगा म्हणाला, तुम्ही सगळे पुढे गेलात, म्हणून मला वाटलं तुम्ही विचारलं असणार. मोजले तर बावीसपैकी नऊ जणांनी पाहिलं होतं. सात महिने नऊ माणसं तो दिवा घेऊन वेगवेगळी फिरत होती, एकाच गल्लीत.

मग ताईंनी माझ्याकडे पाहून सांगितलं, ओरडून नाही, नेहमीच्या आवाजात. ‘मी खरं तर थांबणार होते, काका. पण धजा थांबली नाही. म्हटलं, काकांनी बघितलंय, म्हणजे काही नसणार.’

तोवर मी समजत होतो की मी एकट्याने तोंड फिरवलं. तसं नव्हतं. माझ्या पाठीकडे बघून मागच्यांनी आपलं ठरवलं. मी त्यांना न बोलता सांगितलं की काही नाही, चला, आणि वर जयघोषही केला.

माझी भाची सयाजीराव विद्यापीठात मानसशास्त्र शिकते. तिला मी हे आडून विचारलं, दुसऱ्या कोणाचं म्हणून. तिने एक प्रयोग सांगितला. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्राच्या ४० विद्यार्थ्यांवर केलेला, १९७३ साली प्रसिद्ध झालेला. त्यांना एका इमारतीतून दुसरीत जाऊन व्याख्यान द्यायचं होतं. निम्म्यांचा विषय बायबलमधल्या त्या परोपकारी परक्याची गोष्ट, जो वाटेत पडलेल्याला उचलतो. बोळात मुद्दाम एक माणूस बसवला होता, वाकून खोकणारा. ज्यांना उशीर झालाय म्हणून सांगितलं होतं त्यांच्यातले १० टक्के थांबले, ज्यांच्याकडे वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के. व्याख्यानाचा विषय कोणता, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. भाची म्हणाली, ‘मामा, म्हणजे वाईट माणसं नव्हती ती, घाईत होती.’ तिला वाटलं मला यातून धीर येईल.

पोलिसांच्या भीतीचंही तिनेच निस्तरलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच सांगितलंय, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ कलम आलंय: अपघातातल्या माणसाला मदत करणाऱ्याला नाव सांगायचीही सक्ती नाही. म्हणजे मी ज्याला घाबरलो ते नव्हतंच. पण खरं तर मी घाबरलोच नव्हतो. ते कारण हाताशी होतं, एवढंच.

यंदा निघायच्या आधी मी धजा ताईंच्या हातात दिली. लोकांना वाटलं गुडघ्यामुळे. मी तसं वाटू दिलं, हेही इथे लिहून ठेवतो. भालेजपासून मी टेम्पोच्याही मागे चाललो, सगळ्यांत शेवटी, टॉर्च घेऊन. चांदणं होतंच. तरी डावी कड, मोऱ्या, बाभळींची बुडं, सगळं बघत. टेम्पोवाल्या पोराने दोनदा आरशात पाहिलं, मग गाडी हळू करून डोकं बाहेर काढलं.

‘काका, शुं शोधो छो?’

‘कंई नथी,’ म्हटलं, ‘तू चाल.’

तो पुढे गेला नाही. पहिल्या गिअरमध्ये माझ्या बाजूने चालत राहिला आणि डाव्या बाजूचा हेडलाइट कडेवर पडेल अशी गाडी किंचित तिरकी धरली. त्या उजेडात छासचे रिकामे ग्लास दिसत होते, एक कुत्रं, आणि कोणाची तरी तुटलेली चप्पल. मी खाली उतरून चप्पल पाहिली. बाईची होती. परत वर आलो. उमरेठला पोचायला आम्हा दोघांना साडेचार वाजले.