माझा अनुभव : डोंगरात फिरणारी गाडी आणि विम्याचा 'झीज' हा शेरा

सातपुड्यात गाडी घालायची तर झीज धरूनच चालावं लागतं. तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावकडे जा, नाहीतर शहाद्याहून तोरणमाळला. परत आल्यावर बुश (सांध्यांमधलं रबर), लिंक रॉड, ब्रेक पॅड यांपैकी काहीतरी वाजतंच. बाभळीच्या काट्यांनी दारांवर उठलेले ओरखडे तर मी आता पुसायलाही जात नाही. हा सगळा डिझेलसारखाच फेरीचा खर्च आहे आणि त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

राग आहे तो क्लेमच्या कागदावरच्या एका शेऱ्याचा. मोकळ्या दगडाने ऑइल चेंबर (इंजिनखालचं तेलाचं भांडं) फुटलं, त्याच दगडाने लोअर आर्म (चाकाला धरणारा खालचा लोखंडी दांडा) वाकला. कंपनीला फोन, क्लेम नंबर, टोचन, गॅरेज, सगळं सुरळीत झालं. मग सर्व्हेचा, म्हणजे कंपनीने केलेल्या नुकसान-तपासणीचा अहवाल आला : चेंबर मंजूर, आर्म आणि बुश नामंजूर, कारण 'झीज', म्हणजे वापराने होणारं नुकसान, जे विमा भरून देत नाही. बुशचं रबर खरंच चिरलेलं होतं, ते कबूल. पण लोखंडी आर्म झिजून वाकत नाही, तो वाकायला ठोकाच बसावा लागतो. एवढी साधी गोष्ट पटवायला किती फोन केले! दर वेळी एकच उत्तर, 'फाइल वर पाठवली आहे.' तोवर गाडी जॅकवर आणि गॅरेजवाल्याला जागेची घाई.

शेवटी काम केलं ते त्या सुट्या भागानेच. आर्मच्या खालच्या अंगाला बोटभर ठोका होता. आतलं लोखंड चकचकीत, कडेने रंगाचे टवके उडालेले. जुना मार असता तर तिथे तांबूस गंज चढला असता, खाचेत काळी माती वाळून बसली असती. ठोक्याचा जवळून फोटो, चेंबरची चीर आणि ठोका एकत्र दिसेल असा दुसरा फोटो, आणि फेरतपासणीची मागणी लेखी, ईमेलने. तोंडी बोलण्याला काडीची किंमत नाही. काढलेला भाग भंगारात जाऊ देऊ नका, गॅरेजला आधीच बजावून ठेवा. सर्व्हे अहवालाची प्रतही मागून घ्या.

आर्म मंजूर झाला तेव्हा हायसं वाटलं. त्यातून घसारा (भाग जुना झाल्याची वजावट) कापला गेला, तो नियमातलाच : धातूच्या भागांना गाडीच्या वयाप्रमाणे, पाचव्या वर्षात ३५ टक्के, रबर-प्लॅस्टिकला सरसकट ५० टक्के. झिरो डेप हे जादा कव्हर घेतलं असेल तर हा घसारा वाचतो, झिजलेला बुश मात्र त्यातही मिळत नाही.

कंपनी ऐकतच नसेल तर आधी तिच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. आपल्या खान्देशासाठी कार्यालय पुण्याला आहे, फी लागत नाही.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं : चेंबर फुटलं की इंजिन त्याच जागी बंद. ऑइलचा लाल दिवा दिसत असताना पुढच्या गावापर्यंत गाडी रेटली आणि इंजिन जाम झालं, तर ते नुकसान कंपनी देत नाही. साध्या पॉलिसीत कारच्या टोचनाला १,५०० रुपयांपर्यंतच मिळतात. धडगावहून धुळ्यापर्यंत गाडी ओढून आणायला ते कुठे पुरणार? वाटेत गाडी बंद पडल्यावर मदत देणारं रोडसाइड असिस्टन्स वेगळं घ्या. आणि किरकोळ कामासाठी क्लेम करूच नका, नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाते.

पावसाळ्यात परतल्यावर ८०च्या वेगाला स्टीअरिंग थरथरलं, तर अलाइनमेंटला पैसे घालण्याआधी रिमच्या आतली बाजू बघा. काळी माती तिथे वाळून चिकटते आणि चाकाचा तोल बिघडतो. त्याच वेळी एक्सलच्या रबरी बूटवर (जॉइंटवरच्या आवरणावर) हात फिरवा. बोटाला ग्रीस लागलं तर बूट फाटलाय. तो लगेच बदला, नाहीतर आत माती शिरून जॉइंट जातो, आणि जॉइंट बूटाच्या कित्येक पट महाग पडतो.