मापाडी की मापारी

वकील म्हणून माझ्याकडे येतात ती कामं वाटणीपत्राची, धुऱ्याच्या भांडणाची, नाहीतर चेक बाऊन्सची. हिंगणघाटात ट्रेडमार्कची नोटीस घेऊन कोणी येईल असं वाटलं नव्हतं. पोळ्याच्या आठवड्यात एक पोरगा ती घेऊन आला.

त्यानं कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यासाठी सॉफ्टवेअर लिहिलंय. भरली गाडी, रिकामी गाडी, ओलाव्याची कपात, आणि शेतकऱ्याच्या हाती पावती. नाव 'मापाडी'. कोड सगळ्यांसाठी खुला. पुण्याच्या एका कंपनीचं 'मापारी' हे नाव वर्ग ९ मध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्याच वर्गात नोंदलेलं. पंधरा दिवसांत नाव बंद करा, नाहीतर दावा.

"मॅडम, कोडच फुकट देल्ला, मंग नावासाठी काऊन भांडून राह्यले हे?"

खुल्या परवान्यानं कोड मिळतो, नाव मिळत नाही, हे मी सांगितलं. त्यालाही मोझिलाची गोष्ट माहीत होती. त्यांचा ब्राउझर आधी फिनिक्स होता. ते नाव दुसऱ्या कंपनीचं, म्हणून २००३ मध्ये फायरबर्ड केलं. त्या नावाचा डेटाबेस प्रकल्प आधीच होता, म्हणून २००४ मध्ये फायरफॉक्स. पण हे सगळं मोठ्या लोकांचं, असं तो धरून चालला होता.

मी आधी नावं कानानं तपासली. कायदा दोन्ही नावं शेजारी ठेवून अक्षरं मोजत नाही, अर्धवट आठवणीवर चालणाऱ्या साध्या माणसाची फसगत होईल का ते बघतो. जिनिंगवरच्या हमालाला फोनवर दोन्ही नावं ऐकवली. त्याला फरक कळला नाही. नावं वेगळी आहेत, हा बचाव तिथंच संपला. मापाडी म्हणजे तोलणारा, नाव कामाचंच वर्णन करतं, असं म्हणता आलं असतं, पण मग आमच्याही नावाला हक्क उरत नाही.

उरलं ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३४. नोंदणी दुसऱ्याची असली, तरी त्याच्या नोंदणीच्या आणि वापराच्याही आधीपासून खंड न पडता नाव वापरणाऱ्याला अडवता येत नाही. कंपनीचा अर्ज २०२० चा, आणि त्यात वापर 'प्रस्तावित' लिहिलेला, म्हणजे तेव्हा सुरूच झालेला नव्हता. आमचा वापर २०१८ च्या हंगामापासून. पुरावा? पोरानं पावत्यांचा डबा आणला. थर्मल कागद, सगळा कोरा पडलेला. मी एकेक उन्हात धरून बघितली. शेवटी शेजारच्या गावातल्या एका आजोबांकडे सातबाऱ्यासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेली जुन्या डॉट मॅट्रिक्सची कार्बन प्रत सापडली. जांभळी अक्षरं, डिसेंबर २०१८ ची तारीख, खाली बारीक 'मापाडी'. त्या कागदावर मी चार पानांचं उत्तर लिहिलं. इतक्या वर्षांत असं उत्तर लिहिलं नव्हतं.

नागपूरचा एक वकील मित्र म्हणाला, ही तुझी लाइन नाही, मिटवून टाक. मला राग आला. व्यक्तीला नाव नोंदवायचं तर ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये. दुसऱ्यांच्या अर्जांतली नावं छापणारं ट्रेडमार्क जर्नल दर आठवड्याला निघतं, हरकतीला चार महिने. काट्यावर बसणाऱ्या पोराला हे कोणी सांगायचं?

पण खरी अडचण कलम १३४ ची. नोंदणीधारक स्वतःचा धंदा जिथं, तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो. म्हणजे तारखा पुण्यात. हे त्याला मी उत्तर तयार झाल्यावर सांगितलं. तो बराच वेळ पावतीकडे बघत बसला.

"केस जिकीन मी, मॅडम. पन दिवाळीत काट्यावर कोन बसन?"

उत्तर पाठवलंच नाही. त्यानं नाव बदललं, सहा जिनिंगवर स्वतः जाऊन नवीन टाकून आला.

कलम १३४ मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. पुरावा शोधण्यात मी इतकी रमले की ते मागं ठेवलं. आधी सांगितलं असतं तर त्यानं आठ दिवस गावोगाव पावत्या मागत फिरण्याऐवजी कंपनीशी बोलणी केली असती, कदाचित नाव राहिलंही असतं. आजोबांची पावती अजून माझ्या फाईलला आहे. ती परत द्यायला जायचंय.