दुबई: एक दिरहमची होडी आणि बाकीचं

दुबईहून आल्यापासून जो तो एकच विचारतोय, बुर्ज खलिफावर गेलात का? गेलो. १२४व्या मजल्यावरून धुकट वाळवंट बघितलं, फोटो काढले. आईला विचाराल तर ती अब्र्याचं सांगेल.

अब्रा म्हणजे खाडी ओलांडणारी लाकडी होडी. बर दुबई ते देरा, भाडं एक दिरहम. मधोमध लांब बाकडं, त्यावर पाठीला पाठ लावून, पाण्याकडे तोंड करून बसायचं. पैसे चालू होडीतच हातोहात नावाड्याकडे जातात, म्हणून सुटी नाणी जवळ ठेवा. कठडा नाही. जाताना आईने माझं मनगट गच्च धरलं होतं. येताना आधी चढून तिनेच कडेची जागा पकडली.

देऱ्याला उतरलं की समोरच मसाल्यांचा बाजार. हिंदी सगळ्यांना येते, त्यामुळे केशराच्या घासाघिशीत आई रंगली. निम्म्यापासून सुरुवात करा, लाजू नका. सोन्याच्या बाजारात दिवसाचा भाव ठरलेला असतो, घासाघीस फक्त मजुरीवर.

बर दुबईच्या बाजूला अल फहिदीच्या गल्ल्या आहेत. प्रवाळी दगडाच्या भिंती, वर चौकोनी मनोरे. उंचावरचा वारा पकडून खाली खोलीत सोडायची ही जुनी युक्ती. आम्ही डिसेंबरात गेलो. मे-जूनच्या दुपारी इथे पायी फिरायच्या भानगडीत पडू नका.

राहायला बर दुबई किंवा करामा बघा. शाकाहारी जेवण कोपऱ्या-कोपऱ्यावर मिळतं, मेट्रोही जवळ. मात्र रविवारी मेट्रो सकाळी ८ ला सुरू होते. आम्ही साडेसहाला बंद दारासमोर उभे! चूक आमचीच, वेळ बघितली नव्हती. डब्यात खाणं-पिणं चालत नाही, च्युइंगमसुद्धा नाही. बायका-मुलांचा डबा वेगळा असतो. पुरुषांनी खालची गुलाबी पट्टी बघून उभं राहावं, नाहीतर दंड.

बुर्जचं तिकीट आधीच काढा. सूर्यास्ताची वेळ महाग पडते, सकाळची परवडते. बुर्जवर जायची वाट दुबई मॉलमधून आहे, आणि मेट्रो स्टेशनपासून या मॉलपर्यंत बंदिस्त पुलावरून बरंच चालावं लागतं. सरकते पट्टे आहेत, तरी गुडघेदुखीवाल्यांनी टॅक्सीने थेट मॉलच्या दारात उतरावं.

विमानतळाच्या टर्मिनल १ आणि ३ ला मेट्रोची रेड लाइन जाते. पण परतीला खजूर भरून बॅगा जड झाल्या असतील, तर तिथेही टॅक्सीच करा.