खाली घसरणारा व्हायजर

बुधवार, रात्र

आज गाडीतला ड्रायव्हरच्या बाजूचा व्हायजर, म्हणजे ऊन अडवायला छतावरून खाली ओढायची ती पट्टी, काढूनच टाकला. छत तिथे बोडकं दिसतंय, पण समोरची काच पूर्ण मोकळी झाली.

सुरुवातीला तो फक्त उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीतच हळूहळू खाली यायचा. मग प्रत्येक गतिरोधकाला यायला लागला. "वर ढकलायचा आणि पुढे जायचं, त्यात काय एवढं!" असं घरचे म्हणत होते. मला ते अजिबात पटत नव्हतं. लांबचा सिग्नल काचेत खाली दिसतो आणि जवळ जावं तसा वर सरकतो. म्हणजे थांबायचं की जायचं हे ठरवायच्या वेळी तो नेमका व्हायजरमागे गेलेला असतो. मान वाकवून तो शोधायचा, की झेब्रा क्रॉसिंगवर कोण आहे ते बघायचं? ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त अंतर कापते. एक हात स्टिअरिंगवरून काढून पट्टी वर ढकलेपर्यंत केवढा रस्ता न बघता मागे पडतो! परवा तर आई शेजारी बसून व्हायजर हाताने वर धरून बसली होती. म्हटलं, "आई, तू हात काढ, आरशाच्या बाजूचं मला काहीच दिसत नाहीये."

काढल्यावर निवांत बघितला. व्हायजरच्या आत पत्र्याची स्प्रिंगसारखी क्लिप असते, व्हायजर ज्या दांड्याभोवती फिरतो त्याला ती घट्ट आवळून धरते. दांड्याची एक बाजू चपटी असते. व्हायजर वर गेला की क्लिप त्या चपट्या भागावर बसते. हाताला जो 'टक्' जाणवतो तो तिथला. माझ्या व्हायजरमध्ये क्लिपभोवतीचं प्लास्टिकच तडकलंय, त्यामुळे पकडच उरलेली नाही. छताजवळचे स्क्रू कितीही आवळले तरी फरक पडणार नव्हता, ते फक्त बूड धरून ठेवतात.

मेकॅनिक म्हणाला, "ताई, नुसती क्लिप मिळत नाही, अख्खा व्हायजर बदलावा लागेल. तोवर रबर लावा." रबर उन्हाने सैल पडतं आणि वेल्क्रोचा गोंद सुटतो, आणि तो सुटणार गाडी चालत असतानाच. पलीकडचा व्हायजर इकडे लावावा म्हटलं तर त्याची घडण उलटी. छताला भोक पाडून खिटी बसवायचा सल्लाही मिळाला. तो तर मुळीच ऐकणार नाही. कडेच्या अस्तरामागे पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग आहे. व्हायजरमधल्या आरशाला दिवा आहे, त्याची वायर प्लगमधून सोडवली आणि टोकाला टेप गुंडाळली.

डोळ्यांवर येणाऱ्या उन्हाचं काय, हा प्रश्न आहेच. काच आतून पुसली तर फडक्यावर चिकट राखाडी थर आला. तिरप्या उन्हात सगळी काच पांढरी व्हायची, त्यात याचाही हात होता. गॉगल दारातल्या कप्प्यात ठेवलाय. आणि सूर्य अगदी समोर असेल तेव्हा थोडं उशिरा निघायचं, हे आईलाही सांगून टाकलं.

नवा व्हायजर मागवलाय. आला की बसवण्याआधी दांडा फिरवून 'टक्' लागतो का आणि दिव्याचा प्लग जुळतो का, ते दुकानातच बघून घेणार.