म.पू. रुजू

आमच्या तहसील कचेरीत परवा एक मुलगी रुजू झाली. महसूल सहायक. म्हणजे आमच्या वेळचा क्लार्कच. काम तेच, पाटी नवी. आस्थापनेच्या टेबलापुढं उभ्या उभ्या तिनं लिहून दिलं, ‘आज रोजी म.पू. रुजू झाले आहे.’ म.पू. म्हणजे मध्यान्हपूर्व. माणूस दुपारच्या आधी आला की नंतर, हे सरकार लिहून घेतं. तो बसणार कुठं, हे मात्र आदेशात नसतं.

२००३ साली मी पहिला दिवस स्टुलावर काढला. तोही शिपाईमामांच्या. साहेबांची घंटी वाजली, मामा आत गेले, की मी बसायचो. ते बाहेर आले की उभा. त्या दिवशी साहेबांनी घंटी जरा जास्त वाजवावी असं वाटलेला मी कचेरीतला एकटाच असेन.

मग सेवापुस्तक निघालं. उंची लिहिली. अंगावरची ओळखीची खूण? भर कचेरीत बाह्या सारून मी तीळ शोधतोय आणि शेजारची दोन टेबलं मदतीला. डाव्या हाताच्या बोटांचे ठसे घेतले. शेवटी नामनिर्देशन : तुमच्या पश्चात पैसे कुणाला? अजून एक रुपया हातात पडला नव्हता, आणि मी गेल्यावरची सोय लागलीसुद्धा.

शिकवलं ते अव्वल कारकुनांनी. टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे असतात, भाऊ. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं... शेवटचा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. ‘अ’ वर्गाचा कागद कायमचा, ‘ड’ वर्षभराचा. मी मनातल्या मनात स्वतःला प्रतीक्षाधीनमध्ये टाकलं. पण ते खरे खूश झाले ते मला फायली बांधायच्या दप्तराच्या रुमालाची गाठ जमली तेव्हा. ओढली की सुटायला हवी, उचललं की सुटता कामा नये. तीनदा सोडायला लावली, मग स्वतःचा डबा माझ्याकडे सरकवला. शेंगदाण्याची चटणी होती.

परवाच्या मुलीला खुर्ची मिळाली. एक हात नाही त्या खुर्चीला, पण खुर्ची. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी तिची चौकशी केली : गाव कुठलं, खोली मिळाली का. पेन्शन जुनी की नवी हे विचारायची गरज उरली नाही; १ नोव्हेंबर २००५ पासून नव्यानं लागणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली, तेव्हा ती बालवाडीत असेल.

चारच्या सुमारास एक आजोबा काठी टेकत आले. मी समोर होतो, दुसरेही दोघं होते. पण ते थेट तिच्या टेबलापुढं जाऊन थांबले.

“बाईसाहेब, माझ्या निराधारच्या अर्जाचं काय झालं?”

तिनं आधी मागं वळून पाहिलं, बाईसाहेब कोण ते. मग माझ्याकडं. मी खाली मान घालून एका दप्तराची गाठ सोडत बसलो.