मेडिकलमधला मदतनीस ते रजिस्टर्ड फार्मासिस्ट

बारावी सायन्स झाल्यावर कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका मेडिकलमध्ये कामाला लागलो. माल लावायचा, एक्स्पायरी बघायची, डॉक्टरांचं अक्षर लावायचं, हे सगळं लवकरच अंगवळणी पडलं. पण चिठ्ठीवरचं औषध पेशंटच्या हातात द्यायचे ते मालकच. 1948च्या फार्मसी कायद्याचं कलम 42 आहे, ते काम रजिस्टर्ड फार्मासिस्टचंच. "तुला नावं पाठ आहेत, औषधं माहीत नाहीत. डी. फार्म. कर," असं ते सारखं म्हणायचे. शेवटी फार्मसीच्या त्या डिप्लोमाला ॲडमिशन घेतली.

दोन वर्षांतलं फार्माकॉग्नोसी, म्हणजे वनस्पतींसारख्या नैसर्गिक औषधांचा अभ्यास, वगैरे कसंबसं पार पडलं. औषध शरीरात काय करतं ते शिकवणाऱ्या फार्माकॉलॉजीनं मात्र डोळे उघडले. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी का घ्यायची, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब का ठेवायची, हे तिथं कळलं. तोवर या तिन्ही पट्ट्या मी एकाच पिशवीत भरत होतो.

परीक्षेनंतर 500 तासांचं ट्रेनिंग असतं. बरीच मुलं ओळखीच्या दुकानातून नुसती सही आणतात. मी ते आमच्याच मेडिकलमध्ये, मालकांच्या नजरेखाली पूर्ण केलं. त्यातली मंगळवार पेठेतल्या एका आजींची चिठ्ठी विसरता येत नाही. डॉक्टरांनी इन्सुलिन बदलून दिलं होतं, नवी बाटली मिलीला 100 युनिटची. "सुया घरात हायत बाळा, नुसती बाटली दे," आजी म्हणाल्या. मी विचारलं, "सुईचं टोपण कुठल्या रंगाचं, आजी?" लाल! म्हणजे मिलीला 40 युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज. त्या सिरिंजनं नवं औषध 20च्या रेघेपर्यंत, म्हणजे अर्धा मिली ओढलं, तर अंगात 50 युनिट जातात. साखर एवढी उतरते की माणूस बेशुद्ध पडतो. मिलीला 100 युनिटवाल्या, केशरी टोपणाच्या सिरिंज दिल्या, आणि सोबतच्या नातवाला रेघ दाखवून त्याच्याकडून ती परत वदवून घेतली. घरातल्या लाल सिरिंज काढून टाकायला सांगितलं. मालक बाजूला उभे होते. मान डोलवली, बोलले काही नाहीत.

पुढं महाराष्ट्र स्टेट फार्मसी कौन्सिलकडं नोंदणी. मार्कशीट, डिप्लोमा, ट्रेनिंगचा दाखला, ओळखपत्र. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दोन कागदांवर वेगळं निघालं, त्यात थोडं अडकलो. तुमचे कागद आधीच जुळवून ठेवा.

नोंदणी झाली आणि एकाचा निरोप आला: सर्टिफिकेट आमच्या दुकानात लावा, यायची गरज नाही, महिन्याला पैसे मिळतील. मी नाही म्हटलं. असल्या दुकानात त्या आजींना टोपणाचा रंग कोण विचारणार?

आता त्याच मेडिकलमध्ये फार्मासिस्ट म्हणून बसतो. शेड्यूल एच वनची, म्हणजे काही अँटिबायोटिक, टीबीची, सवय लागणारी अशी जास्त लक्ष ठेवायची औषधं दिली की डॉक्टर, पेशंट, औषध आणि नग रजिस्टरमध्ये लगेच लिहितो. ते तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. संध्याकाळच्या गर्दीत लोक घाई करतात, तरी नवं औषध असेल तर मी दोन मिनिटं घेतोच. ट्रेनिंग घेणाऱ्या मुलांनो, सही आणायला जाऊ नका, काउंटरला उभे राहा. 500 तास तसे कमीच पडतात.