हेड गेले असे म्हणण्यापूर्वी शाईची वाट तपासा

इंकजेट प्रिंटरच्या छपाईत पांढरे पट्टे उमटू लागले, की बहुतेक वेळा एकच निदान कानावर येते: हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, गेले. नव्या हेडचा खर्च प्रिंटरच्याच किमतीच्या आसपास जात असल्यामुळे पुष्कळ जण त्या एका वाक्यावर चालू स्थितीतले यंत्र भंगारात काढतात. मिरजेतील आमच्या डीटीपीच्या दुकानात पासपोर्ट फोटो, लग्नपत्रिकांचे नमुने आणि शाळांचे तक्ते हे सारे काम बाहेरून टाक्या जोडलेल्या प्रिंटरवर चालते, आणि इतक्या वर्षांच्या वापरानंतर माझे ठाम मत झाले आहे, की अशा प्रिंटरमध्ये पहिला संशय हेडवर नव्हे, तर टाकीपासून हेडपर्यंतच्या वाटेवर घ्यावा.

एप्सनने 2010 मध्ये इंडोनेशियात टाकीसकट तयार केलेला प्रिंटर बाजारात आणला आणि पुढे ही पद्धत सर्वत्र रुळली. त्याआधी साध्या कार्ट्रिजच्या, म्हणजे शाईच्या डबीच्या, प्रिंटरला बाहेरून चार किंवा सहा टाक्या, सिलिकॉनच्या नळ्या आणि प्रिंटरला ओळख पटवणारी चिप लावलेली कार्ट्रिजे जोडली जात. या संचाला आपण सीआयएसएस, म्हणजे अखंड शाईपुरवठ्याची व्यवस्था, म्हणतो. जुने, दणकट प्रिंटर हातचे सोडायचे नसल्यामुळे अनेक दुकानांत हा संच आजही वापरात आहे. यात शाई ढकलणारा पंप नसतो. हेडच्या बारीक छिद्रांतून, म्हणजे नोझलमधून, जेवढी शाई बाहेर पडते, तेवढीच मागून ओढली जाते आणि ती जागा भरून काढण्यासाठी टाकीत बाहेरची हवा यावी लागते. हा समतोल बिघडला, की पट्टे येतात.

दोष कोठे आहे हे ओळखण्यासाठी नोझल चेकचा, म्हणजे नोझलच्या रेषा छापून पाहण्याच्या चाचणीचा, कागद लागोपाठ दोनदा काढावा आणि दोन्ही कागद उजेडात शेजारी धरून पाहावेत. तुटलेल्या रेषा दोन्ही कागदांवर नेमक्या त्याच जागी असतील, तर ती नोझल वाळलेल्या शाईने बुजलेली असण्याची शक्यता अधिक. रेषा जागा बदलत असतील, किंवा चेक स्वच्छ येऊनही भरगच्च रंगाचे पान अर्ध्यावर फिके पडत असेल, तर हेड शाबूत आहे आणि त्याला शाई पुरत नाही, असे समजावे. अशा वेळी पुन्हा पुन्हा हेड क्लीनिंग, म्हणजे शाई खेचून हेड साफ करण्याची प्रिंटरची क्रिया, करणे हा उपाय नव्हे. प्रत्येक क्लीनिंगची शाई तळाच्या वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत, जाते, तिची मोजणी प्रिंटर स्वतः ठेवतो आणि मर्यादा भरली की तो छपाईच थांबवतो.

शाई पुरत नसेल, तर आधी टाकीवरचे हवेचे छिद्र पाहावे. शाई भरायचे मोठे बूच घट्ट बंद आणि हवेचे लहान बूच काढलेले किंवा त्या जागी फिल्टर बसवलेला, अशी छपाईच्या वेळची स्थिती असते. फिल्टर शाईने भिजला, तर त्यातून हवा जात नाही, तो बदलावा. त्यानंतर टाकीची उंची. टाकी प्रिंटर ठेवलेल्या पृष्ठभागावरच, त्याच पातळीत असावी. ती सलाइनच्या बाटलीसारखी वर टांगली, तर हेडमधून शाई आपोआप ठिबकते आणि खाली ठेवली, तर शाई माघारी सरकून नळीत हवा शिरते. नळीत बुडबुडे परत परत दिसत असतील, तर कार्ट्रिजवरचा कोपऱ्याचा जोड आणि त्याखालचे रबर तपासावे, कारण हे रबर जुने झाले की कडक होते आणि तेथून शाई न गळताही हवा आत ओढली जाते.

प्रिंटरच्या उजव्या टोकाला, हेड विसावते त्या कॅपकडे फारसे कोणी पाहत नाही. तिच्या स्पंजवर डिस्टिल्ड वॉटरचे काही थेंब टाकून एक क्लीनिंग चालवावे. पाणी नाहीसे झाले, तर खालचा पंप ओढतो आहे. ते तसेच साचून राहिले, तर क्लीनिंग कितीही वेळा केले तरी हेडमधून शाई खेचली जाणारच नाही. पिवळा रंग हिरवट उमटू लागणे हेही बहुधा कॅपवर शाई तुंबल्याचेच लक्षण असते. आपल्याकडे वीज मध्येच जाते आणि हेड वाटेत उघडे राहते. वीज येताच प्रिंटर सुरू करून तो त्याच्याच बटणाने बंद करावा, म्हणजे हेड कॅपवर जाऊन बसते. भिंतीवरचे बटण थेट बंद करण्याची सवय मोडलीच पाहिजे.

नळ्या कडक झाल्या असतील किंवा जोड ठिकठिकाणी हवा घेत असतील, तर डागडुजीत वेळ न घालवता पूर्ण संच बदलावा. नवा संच घेताना चिप आपल्याच मॉडेलची असल्याची खात्री करावी. टाक्या भरल्यावर प्रत्येक कार्ट्रिजच्या तोंडाशी मेडिकलमधून आणलेली, सुई काढलेली सिरिंज लावून शाई अगदी सावकाश ओढावी. घाईने ओढल्यास फेस येतो आणि तोच पुढे पट्ट्यांचे कारण ठरतो. नळीत अखंड रंग दिसला आणि सिरिंजमध्ये बुडबुड्यांशिवाय शाई आली, की थांबावे.

सगळ्यात जास्त वेळ नळीच्या लांबीला द्यावा. प्रिंटरची वीज काढून कॅरेज, म्हणजे हेड वाहून नेणारा सरकता भाग, हाताने हलकेच डाव्या टोकापर्यंत न्यावे. तेथे नळी ताणली जाता कामा नये. मग ते उजवीकडे आणावे. तेथे तिचा फुगवटा झाकणाला घासता कामा नये किंवा कागदाच्या वाटेत लोंबता कामा नये. दोन्ही टोके जमल्यावरच नळी धरून ठेवणारी क्लिप चिकटवावी. झाकणाखाली नळी चेपली, तर बाकी सारे बिनचूक असूनही शाई अडते.

यानंतर एकच क्लीनिंग करून प्रिंटर रात्रभर तसाच ठेवावा. बारीक बुडबुडे या विश्रांतीत वर सरकतात, आणि दुसऱ्या दिवशीचा नोझल चेक पुष्कळदा आपोआप सुधारलेला असतो. मग प्रत्येक रंगाचे एकेक पूर्ण भरलेले पान छापून त्याची खालची कड वरच्या कडेइतकीच गडद आहे का, हे पाहावे. जुन्या टाक्यांतील शाई मात्र नव्या टाक्यांत ओतू नये: तिच्यात धूळ आणि साका असतो, आणि जुनी शाई डायची (विरघळलेल्या रंगाची) व नवी पिगमेंटची (न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांची) असेल, तर त्यांच्या मिश्रणाने गुठळ्या होऊन हेड खरोखरच बुजू शकते.